शंभर टक्के पूर्ण नाली

वडनेरखेडच्या शिक्षक कॉलनीत रामराव ठोंबऱ्यांच्या फाटकासमोर जेसीबी येऊन उभा राहिला, तेव्हा रामरावांनी ड्रायव्हरला आपण होऊन चहा विचारला होता. पुढे ही गोष्ट त्यांना फार लागली. ड्रायव्हरनं चहा घेतला, चहाबरोबर टोस्ट घेतले, "काकाजी, तुमच्यासारखे लोक राह्यले नाईत आता," असं म्हणाला, आणि फाटकाच्या या खांबापासून त्या खांबापलीकडे कमरेएवढी खोल नाली खोदून ठेवली. "उद्या पाइप येऊन जातेत," असं सांगून तो गेला. दिवाळीचा आकाशकंदील तेव्हा दारात लटकत होता. संक्रांतीचा तिळगूळ वाटून संपला तरी पाइप आले नव्हते.

नाली नगरपरिषदेची होती, योजना शासनाची होती. त्यात रामरावांची म्हणावी अशी फक्त माती होती, कारण ती सगळी त्यांच्याच कंपाउंडच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. घराला मागून वाट नाही. मागे दुसऱ्याची भिंत आहे आणि त्या भिंतीचा वाद कोर्टात आहे. तेव्हा रामराव नालीवर एक फळी टाकून ये-जा करायला शिकले. बाजार समितीच्या कार्यालयात सगळी नोकरी खुर्चीवर बसून काढलेला माणूस सकाळच्या दुधासाठी दोन्ही हात पसरून, जीभ दातांत धरून फळीवरून चालतो, हे दृश्य पाहायला सुरुवातीला कॉलनीतली मंडळी थांबत. नंतर तीही थांबेनाशी झाली. उपेक्षा म्हणतात ती हीच, असं रामरावांना वाटे.

खरी अडचण भागीरथाबाईंची होती. त्यांचा उजवा गुडघा यवतमाळला ऑपरेशन करून बदलला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, "रोज बाहेर मोकळं चाला, नाहीतर गुडघा धरून बसेल." हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्यांना नालीची कल्पना नव्हती. दवाखान्यातून घरी आणताना चौघांनी भागीरथाबाईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं आणि नालीवरून पलीकडे नेलं. मधोमध एकाचा पाय घसरला. खुर्चीचा एक पाय नालीत गेला, भागीरथाबाईंची एक चप्पल नालीत गेली आणि चौघांपैकी दोघं भांडायला लागले. खुर्ची तशीच अधांतरी. कशाबशा आत पोचल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, "मले पुन्हा कोणी उचललं तं पाहा. मी काय गणपती हाय का, उचलून आणाले अन् उचलून न्याले?"

त्या दिवसापासून त्या घरातच होत्या. समोर रस्त्यापलीकडे त्यांची मैत्रीण सत्यभामाबाई राहत, सिव्हिल हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या परिचारिका, एकट्याच. दोघी रोज संध्याकाळी आपापल्या दारात बसून रस्त्यावरून, ट्रॅक्टरच्या आवाजावरून, ओरडून बोलत. त्यामुळे भागीरथाबाईंचं पोट साफ झालं की नाही हे कॉलनीला रोजच्या रोज कळे.

"अहो, एक फरशी टाकून घ्या ना नालीवर. गवंडी बोलवा," भागीरथाबाई रामरावांना म्हणाल्या.

रामराव गवंडी बोलावणार होते. पण शेजारचे डोमाजी आडवे आले. डोमाजी एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते आणि नाली त्यांच्या घराच्या अलीकडेच थांबली होती, त्यामुळे या विषयावर ते अगदी निःपक्षपातीपणे बोलत. "रामराव, सरकारी कामाले हात लावू नका, सांगून ठेवतो," डोमाजी म्हणाले. "तुमी फरशी टाकली की ते अतिक्रमण होते. फरशी बी काढतेत, अन् फाटक बी काढतेत. त्यापेक्षा नगरपरिषदेत जा. आता निवडून आलेले लोक हायेत. इतके वर्षं प्रशासक होता तवा शिव्या द्यायच्या तरी कोणाले? दिसतच नोयता माणूस."

तेव्हा रामराव इस्त्रीचा शर्ट घालून, फळीवरून सावकाश, नगरपरिषदेत गेले. बांधकाम विभागानं सांगितलं, ती नाली पाणीपुरवठ्याच्या योजनेत आहे. पाणीपुरवठ्यानं विचारलं, नालीचा आणि पाण्याचा काय संबंध? रामरावांना क्षणभर हा प्रश्न फार खोल वाटला. ते पुन्हा बांधकामकडे गेले तर बांधकामची जेवायची वेळ झाली होती. बाहेर व्हरांड्यात मात्र त्यांना नगरसेवक अंकुरभाऊ निमकर भेटले. तरुण माणूस, पांढरा झब्बा, आणि बोलताना समोरच्याचा हात हातात धरून ठेवायची सवय.

"काकाजी," अंकुरभाऊ हात न सोडता म्हणाले, "तुमाले एकट्याले सांगून काय फायदा? हा प्रश्न पूर्ण प्रभागाचा हाय. माह्या मनात कवाचं हाय, कोणतं काम कुठं आलं, कोणती योजना आली, हे लोकाईले घरी जाऊन सांगावं. 'प्रभाग संवाद'. पहिला मान तुमचा. येत्या रविवारी तुमच्याच अंगणात ठेवू. बांधकामच्या साहेबाईले बी आणतो. साहेब डोळ्यानं नाली पाहतीन, मंग काम थांबते का?"

रामरावांना एवढ्या वर्षांत कोणी मान दिला नव्हता. निवृत्तीच्या निरोप समारंभालाही पाऊस आला म्हणून लोक पेढे घेऊन पळाले होते. ते हात धरलेल्या अवस्थेतच "हो" म्हणाले. चहा, दोन सतरंज्या, आठ-दहा माणसं, एवढंच त्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

घरी आल्यावर डोमाजींनी ते चित्र दुरुस्त केलं. "नुसता चहा? साहेब येऊन राह्यले अन् नुसता चहा? आलुबोंडे पाह्यजेत. माइक पाह्यजे. स्टेज पाह्यजे. शाल-श्रीफळ तं पाह्यजेच. अन् सूत्रसंचालन कोण करन?"

"सूत्रसंचालन?"

"तुमीच करा. आभार बी तुमीच माना. आभाराच्या वेळी कोणी उठून जात नाई, तवा नालीचा मुद्दा मांडा. बरोबर ठसते."

ही सूचना रामरावांना पटली. त्या रात्रीपासून ते आरशासमोर नालीचा मुद्दा मांडू लागले.

माइक म्हटला की पोलीस ठाण्याची परवानगी, आणि मंडप म्हटला की नगरपरिषदेची. रामराव पुन्हा नगरपरिषदेत गेले.

"रस्त्यावर मंडप टाकता येत नाही," खिडकीतला लिपिक म्हणाला.

"रस्त्यावर नाही. माझ्या अंगणात आहे."

"अंगणात आहे तर परवानगी कशाला पाहिजे?"

"मग नको?"

"असं कसं नको? कार्यक्रम कोणाचा आहे?"

"नगरपरिषदेचा."

लिपिकानं चष्मा काढला. "नगरपरिषदेच्या कार्यक्रमाची परवानगी तुम्ही नगरपरिषदेला मागता? तुम्ही कोण?"

रामरावांनी आयुष्यात पुष्कळ अर्जदारांना "तुम्ही कोण?" असं विचारलं होतं. हा प्रश्न समोरून कसा लागतो हे त्यांना त्या दिवशी कळलं. शेवटी अंकुरभाऊंचा फोन आला, आणि परवानगीची गरज आहे की नाही हे न ठरताच परवानगी मिळाली.

गुरुवारी सकाळी फाटकाबाहेर स्कूटी थांबली. नाकावर गॉगल, कडक सुती साडी. नगरसेविका शीलाताई वाढई. आता वडनेरखेडच्या प्रत्येक प्रभागाला दोन नगरसेवक असतात, आणि या प्रभागातले दोघं एकमेकांविरुद्धच्या पॅनलमधून आलेले होते. ही गोष्ट रामरावांनाच नव्हे, कुत्र्या-मांजरांनाही ठाऊक होती. पण मान मिळाला की माणसाला अशा गोष्टींचा विसर पडतो.

शीलाताईंनी फळीकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं, आणि पलीकडेच उभ्या राहिल्या. रामराव अलीकडे. मधे नाली. सगळं संभाषण नालीवरून झालं, आणि कॉलनीनं ते आपापल्या गच्चीवरून ऐकलं.

"काकाजी, या प्रभागात नगरसेवक किती हायेत?"

"दोन, ताई."

"दुसरा कोण?"

"तुमीच की."

"मंग मले काहून सांगतलं नाई? बाईमाणूस म्हणून?"

"नाही नाही ताई, मी येणारच होतो…"

"ही नाली कोणाच्या पाठपुराव्यानं मंजूर झाली, ठाऊक हाय? माह्या! अन् तुमी त्या अंकुरले शाल घालता?"

घरातून भागीरथाबाई ओरडल्या, "शीलाताई, मंजूर तुमी केली तं बुजवा बी तुमीच वो माय!" पण शीलाताई स्कूटीला किक मारत होत्या. जाता जाता त्यांनी सांगितलं, आपण रविवारी येणार, आणि बॅनरवर आपला फोटो अंकुरच्या फोटोपेक्षा तसूभर लहान असला तर तिथल्या तिथं बॅनर उतरवणार.

बॅनरचा प्रश्न धम्मदीपनं सोडवला. धम्मदीपचं बिछायत केंद्र होतं. मंडप, गाद्या, खुर्च्या, स्टेज सगळं तोच पुरवी. त्यानं दोन बॅनर सुचवले. दोन्हींवर एकेक नगरसेवक, दोन्ही सारख्याच मापाचे. पण डावीकडे कोणाचा आणि उजवीकडे कोणाचा, यावरून शुक्रवार गेला. शनिवारी असं ठरलं की बॅनर समोरासमोर लावायचे, म्हणजे मंडपात बसलेल्या माणसाला एक नगरसेवक पुढून आणि एक पाठीमागून बघत राहील. दोन शाली. दोन श्रीफळं. शीलाताईंची ओटी भागीरथाबाईंनी भरायची. आलुबोंड्यांचा आकडा डोमाजी दर तासाला वाढवत होते, कारण ते भेटेल त्याला आमंत्रण देत सुटले होते.

"अन् नालीचं काय?" भागीरथाबाई विचारत.

"त्याच्यासाठीच तर हे सगळं चाललं आहे," रामराव म्हणत. त्यांची खात्री होती की साहेब येणार म्हटल्यावर नगरपरिषद आदल्या दिवशीच नाली बुजवून टाकील. आणि खरोखरच शनिवारी दुपारी नगरपरिषदेची माणसं आली. त्यांनी नालीच्या दोन्ही काठांवर पांढऱ्या फक्कीची सरळ, सुंदर रेघ मारली आणि निघून गेली.

रविवारी सकाळी धम्मदीपचा टेम्पो आला. "काकाजी, पाहुणे फळीवरून कसे येतीन?" असं म्हणत त्यानं स्टेजची मोठाली लाकडी तख्तं नालीवर आडवी टाकली, शेजारी शेजारी घट्ट बसवली, त्यावर हिरवं मॅटिंग पसरलं, त्यावर लाल जाजम. दोन्ही बाजूंना झेंडूच्या माळा. घटकाभरात नाली दिसेनाशी झाली. फाटकापासून रस्त्यापर्यंत असा काही सपाट, रुंद, लालभडक रस्ता झाला की रामराव त्यावरून विनाकारण तीनदा जाऊन आले. हात न पसरता.

भागीरथाबाई काठी टेकत फाटकाशी आल्या. काठीचं टोक जाजमावर दाबून पाहिलं. हललं नाही. "हे असंच राहू द्या ना," त्या म्हणाल्या. "मी जाऊन येऊ का सत्यभामाकडे?"

"आत्ता? पाहुणे येऊन राह्यले. ओटीचं ताट घेऊन बस त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर."

त्या बसल्या. फाटकाजवळच्याच खुर्चीवर.

दहाचा कार्यक्रम बाराच्या पुढं सुरू झाला, म्हणजे तसा वेळेवरच. अंकुरभाऊ आले, मागून त्यांचे व्हिडिओ काढणारे आले. शीलाताई आल्या, त्यांचे व्हिडिओ काढणारे वेगळे होते. बांधकामचे अभियंता साहेब मधे बसले आणि बसल्या बसल्या घामाघूम झाले. गर्दी अशी की आलुबोंडे भाषणाआधीच संपले. रामराव माइकसमोर उभे राहिले, आणि ज्या घशानं आठवडाभर आरशाला नालीचा मुद्दा पटवून दिला होता, त्या घशातून फक्त "आदरणीय" एवढाच शब्द आला. तो त्यांनी चार वेळा म्हटला.

अंकुरभाऊ बोलायला उठले. प्रभागात पथदिवे येणार, बगीचा येणार, बगिच्यात उघडी व्यायामशाळा येणार, घरकुलांची यादी लागणार, घंटागाडी सकाळी येणार. लोक ऐकत होते, डुलत होते. तेवढ्यात मागून डोमाजींनी हात वर केला. डोमाजींचा हेतू चांगला होता, हे रामरावांनी शेवटपर्यंत मान्य केलं.

"अंकुरभाऊ, सगळं ठीक हाय. पण नालीचं काम कुठवर आलं?"

"छान प्रश्न," अंकुरभाऊ म्हणाले. "मले सांगा, आपण सगळे आत कुठून आले? कोणी पडलं का? कोणाले नाली दिसली का?"

मंडप हसला. साहेबांनीही फाटकाकडे पाहिलं. लाल जाजम, झेंडूच्या माळा.

"नालीचं काम सत्तर टक्के झालेलं हाय," अंकुरभाऊंनी जाहीर केलं.

शीलाताई खुर्चीवरून उठून थेट माइकपाशी आल्या. "चुकीची माहिती देऊ नका लोकाईले. मी पाठपुरावा केल्यापासून काम ऐंशी टक्के झालेलं हाय."

"खोदाईचं म्हणत असान ताई. बाकी धरून पंच्याऐंशी."

"नव्वद!"

रामरावांनी बाजार समितीत कापसाचे हर्रास हजारदा पाहिले होते. बोली चढायला लागली की अडत्याच्या मानेची एक शीर उडते, ती त्यांना ओळखू यायची. तीच शीर आता त्यांना दोन्ही नगरसेवकांच्या मानेवर दिसली. "थांबा, थांबा," असं त्यांना ओरडायचं होतं. माल कोठ्यात नाही, खड्ड्यात आहे. पण माइक एकच होता आणि तो त्या दोघांत होता.

"पंच्याण्णव!" अंकुरभाऊ म्हणाले.

"साहेब इथं बसले हायेत," शीलाताई म्हणाल्या, "त्याईच्या समोर सांगते, या प्रभागातली नाली शंभर टक्के पूर्ण हाय, अन् ती मी पूर्ण केली!"

"आमी केली!" अंकुरभाऊंनी एवढीच दुरुस्ती सुचवली.

प्रचंड टाळ्या. साहेबांनी मान डोलावली, एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि आपल्या मोबाइलवर काहीतरी टिपलं. त्या टाळ्यांतच कोणीतरी रामरावांच्या हातात माइक दिला. आभारप्रदर्शन.

हाच तो क्षण होता. आठवडाभर पाठ केलेला मुद्दा. रामरावांनी श्वास घेतला. समोर दीडशे माणसं, दोन कॅमेरे, पुढून एक बॅनर, मागून एक बॅनर. आणि त्यांच्या तोंडून, जणू दुसराच कोणी बोलतो आहे अशी, ओघवती, शुद्ध, व्याकरणाला सोडून न जाणारी मराठी बाहेर पडू लागली: "आमच्या कॉलनीतील नालीचे काम अल्पावधीत पूर्णत्वास नेल्याबद्दल मी दोन्ही लोकप्रतिनिधींचे, तसेच आदरणीय साहेबांचे अंतःकरणपूर्वक आभार मानतो."

ते वाक्य संपल्यावर त्यांना ते ऐकू आलं. त्यांनी भागीरथाबाईंच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीवर ओटीचं ताट होतं. भागीरथाबाई नव्हत्या.

पुढचं सगळं भराभर झालं. शाली झाल्या. ओटी सत्यभामाबाईंनी येऊन भरावी म्हणून शोध घेतला, तर त्याही नव्हत्या. डोमाजींच्या सुनेनं भरली. फोटो झाले. दोन्ही नगरसेवक जाजमावर, अगदी नालीच्या मधोमध उभे राहिले, हातात हात घेऊन, आणि मधे साहेब. पाहुणे गेले. एका स्थानिक चॅनलवाल्यानं रामरावांना अंगणाच्या कोपऱ्यात नेऊन "आता कसं वाटते?" असं विचारलं आणि रामराव कसं वाटतं ते सांगत बसले.

धम्मदीपला दुसरीकडे लग्नाचा मंडप होता, तोही मुकुटबनला, म्हणजे लांब. टेम्पो सुरूच होता. त्याच्या माणसांनी खुर्च्या उचलल्या, बॅनर गुंडाळले, जाजम, मॅटिंग, तख्तं, आणि तख्तांबरोबर रामरावांची ती फळीही टेम्पोत टाकून ते निघून गेले.

रामराव मुलाखत संपवून फाटकाशी आले तेव्हा नाली पुन्हा उघडी होती. फक्कीच्या रेघा थोड्या पुसल्या होत्या, आत झेंडूची दोन-चार फुलं पडली होती. आणि नालीच्या पलीकडे, रस्त्यावर, काठी टेकून भागीरथाबाई उभ्या होत्या. चेहरा उन्हानं लाल. कित्येक महिन्यांनी त्या रस्त्यावर दिसत होत्या.

"मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन आली मी," त्या म्हणाल्या. "सत्यभामा होती संग. गुडघा अजिबात दुखला नाई." मग त्यांनी खाली पाहिलं. "हे काहून काढलं?"

"चौघांना बोलावतो," रामराव पुटपुटले. "खुर्ची आहे."

"खुर्ची नाई," भागीरथाबाई म्हणाल्या. "सांगतलं होतं मी." त्यांनी एकदा आपल्या घराकडे नीट पाहून घेतलं. "नाली झाली की बोलवा. मी सत्यभामाकडे हावो." आणि काठी टेकत, सावकाश, रस्ता ओलांडून गेल्या.

दुसऱ्या दिवशी रामराव डोमाजींच्या शिडीवरून नाली पार करून नगरपरिषदेत गेले. अभियंता साहेबांनी त्यांना खुर्ची दिली. तेवढा एक फरक सभेनं पडला होता.

"साहेब, नाली तशीच आहे."

"कोणती?"

"आमच्या फाटकासमोरची."

"ती पूर्ण झाली," साहेब म्हणाले, आणि त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्यात माइक हातात धरलेला एक गृहस्थ अंतःकरणपूर्वक आभार मानत होता. माइक त्याला शोभत नव्हता. "दोन्ही नगरसेवकांनी जाहीर केलं, रहिवाशांनी आभार मानले. आम्ही काम पूर्ण म्हणून वर कळवलं."

"पण तिथं खड्डा आहे, साहेब!"

"आहे? मग तो नंतर कोणीतरी खोदला. पूर्ण झालेल्या कामावर विनापरवाना खोदकाम." साहेबांच्या स्वरात राग नव्हता, उलट काळजी होती. "कोणाच्या घरासमोर आहे म्हणालात?"

रामराव म्हणाले, "बघतो मी." आणि उठले.

अंकुरभाऊंनी फोनवर सांगितलं, हे सगळं शीलाताईंच्या 'शंभर'मुळं झालं, ते स्वतः पंच्याण्णववर थांबायला तयार होते. शीलाताईंनी सांगितलं, अंकुरभाऊंनी सुरुवात केली नसती तर त्या उठल्याच नसत्या. डोमाजींनी सांगितलं, न्यायालयात जा. धम्मदीपनं लग्न आटोपल्यावर फळी परत आणून दिली, आणि "काकाजी, सॉरी," असं म्हणाला. एवढ्या सगळ्या प्रकरणात हा एकच माणूस सॉरी म्हणाला.

भागीरथाबाई सत्यभामाबाईंकडे रमल्या. रोज सकाळ-संध्याकाळ दोघी फिरायला जात. आधी मारुतीपर्यंत, मग बसस्टँडपर्यंत. वजन उतरलं. रामराव वरण-भात शिकले. म्हणजे भात शिकले. वरण त्यांना साधत नव्हतं.

महिनाभरानं प्रभाग संवादाची दुसरी सभा झाली. सत्यभामाबाईंच्या ओट्यावर, कारण तिथं 'पोहोच रस्ता चांगला आहे'. आता दोन्ही नगरसेवक एकाच बॅनरवर होते, फोटो सारखे, दोघंही हसत. रामरावांनी कुकर लावला आणि आपल्याच फाटकात, नालीच्या अलीकडे, खुर्ची टाकून बसले.

"काकाजी, तिथून आयकू येते ना?" अंकुरभाऊंनी माइकवरून विचारलं. रामरावांनी हात वर केला.

पूर्ण झालेल्या कामांचा आढावा झाला. त्यात नाली पहिली होती. मग शीलाताईंनी सांगितलं की नालीमुळं रस्ता मोकळा झाल्यानं ज्येष्ठ महिला आता रोज चालू लागल्या आहेत, आणि उदाहरण म्हणून भागीरथाबाईंकडे बोट दाखवलं. लोकांनी वळून पाहिलं. भागीरथाबाई काठी टेकत उभ्या राहिल्या.

"मले घरी जायचं हाय," त्या म्हणाल्या. माइकची गरज पडली नाही. "थे पाहा माहं घर. थे बसले माहे मालक. कवा जाऊ, तेवढं सांगा."

दोन्ही नगरसेवकांनी एकमेकांकडे पाहिलं. यावेळी कोणीच आकडा बोललं नाही.

"काकी," शेवटी अंकुरभाऊ म्हणाले, "लय महत्त्वाचा मुद्दा मांडला तुमी. पुढच्या सभेत पहिला विषय हाच घेऊ."

"पहिलाच," शीलाताईंनी दुजोरा दिला. टाळ्या वाजल्या.

टाळ्या थांबेपर्यंत भागीरथाबाई उभ्याच होत्या. मग त्यांनी नगरसेवकांकडे पाठ केली आणि लोकांच्या डोक्यांवरून, रस्त्यावरून, नालीवरून नवऱ्याकडे पाहिलं. रामराव खुर्चीवरून अर्धवट उठले. ती आता काहीतरी बोलणार, सगळ्या गावासमोर बोलणार, आणि ते आपल्याला ऐकून घ्यावंच लागणार, असं त्यांना वाटलं.

"अहो," त्या ओरडल्या, "कुकरच्या शिट्ट्या कोण मोजून राह्यलं?"

रामराव आत धावले. वरण तळाला लागून काळं झालं होतं. त्यांनी गॅस बंद केला, खिडकी उघडली, वरवरचं चांगलं वरण भातावर काढून घेतलं आणि ताटली घेऊन पुन्हा फाटकात येऊन बसले. सभा पांगली होती. समोरच्या ओट्यावर भागीरथाबाईही ताट घेऊन बसल्या होत्या. सत्यभामाबाई आत भाकरी टाकत होत्या, तव्याचा वास इकडेपर्यंत येत होता.

"जळलं?" भागीरथाबाईंनी विचारलं.

"थोडं."

"खा मंग दही घालून." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "उद्यापासून शिट्ट्या मी मोजीन इथून. तुमी फक्त बंद करा."

दुसऱ्या दिवशी दुपारी कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि रस्त्यापलीकडून, एका ट्रॅक्टरच्या आवाजावरून, हुकूम आला: "बंद!" रामरावांनी गॅस बंद केला. वरण चांगलं झालं होतं. ते सांगायला ते वाटी घेऊन फाटकापर्यंत आले, नालीच्या काठाशी उभे राहिले, आणि वाटी उंच धरून त्यांनी ती पलीकडे दाखवली.